कौशल्याच्या मुलाचा फोटो

"डोये उघडे पायजेत," कौशल्या म्हणाली आणि तिने पदराच्या घडीतला फोटो विमलच्या टेबलावर ठेवला.

फोटोत दोन-तीन वर्षांचा मुलगा होता. अंगात नवा सदरा, कपाळाला गुलाल, मागून कुणीतरी आधार देऊन बसवलेला. अकोल्याला मूल तापाने गेलं तेव्हा पुरायच्या आधी घाईने काढून घेतलेला फोटो. याखेरीज दुसरा नव्हता.

विमलला हे काम नवं नव्हतं. बऱ्याच घरांत कॅमेरा पहिल्यांदा येई तो माणूस गेल्यावरच, आणि भिंतीवर लावायला मात्र सगळ्यांना जागा माणूस हवा असे. तिची पद्धत ठरलेली होती. गेलेला माणूस ज्याच्या वळणावर असेल त्या नातेवाइकाला खिडकीशी बसवायचं, तसाच उजेड धरून फोटो घ्यायचा, त्यातले डोळे कापून चिकटवायचे, ब्रशने कडा बुजवायच्या आणि सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा. अमरावतीत दुसऱ्या कुणाला ते इतकं साधत नसे.

शेजारच्या इंदूबाई म्हणत, मढ्यांच्या पापण्या उचलणारीच्या घरी पाळणा कसा हलेल? नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी विमलला तपासून तिच्यात काही दोष नाही असं सांगितलं होतं. यजमानांनाही घेऊन या, म्हणाल्या होत्या. "मला काय तपासायचंय?" असं म्हणून नारायण कॅमेरा उचलून फिरतीवर निघून गेला होता. अचलपूर, अकोला, धारणी, वर्षातले कितीतरी दिवस तो शाळांचे आणि लग्नांचे फोटो काढत हिंडे. विमल विज्ञान शिकलेली होती. तिने काढायचा तो निष्कर्ष काढला आणि कुणाला सांगितला नाही. सासूबाई असेपर्यंत दोष आपल्याच अंगावर घेतला. तो बिचारा खचेल, असं तिला वाटे.

"मुलगा कुणावर गेला होता?" तिने विचारलं.

"बापावर."

त्यांना घेऊन या, असं विमल म्हणाली. तो येणार नाही, कौशल्याने सांगितलं. मग त्यांचा एखादा फोटो?

कौशल्या ओठातल्या ओठात हसली. "त्याचा फोटो कोन काढते, बाई?"

गरिबाघरी फोटो कुठून असणार. विमलने पुढे विचारलं नाही. कौशल्यालाच खिडकीशी बसवलं.

ती पुन्हा आली तेव्हा फोटो तयार होता. तिने तो पाहिला आणि पालथा ठेवला.

"हे तं मीच मले पाहून राहिली."

विमल दुसऱ्यांदा करून द्यायला कबूल झाली. कौशल्या दारापर्यंत गेली आणि परतली.

"मले आता त्याचे मिटलेलेच डोये दिसतेत, बाई. उघडे कसे होते, ते जाऊन राहिलं ध्यानातून. लवकर करा."

या वेळी विमलने कुणाचेच डोळे घेतले नाहीत. भिंगाखाली पापण्यांची ठेवण पाहिली, भुवयांचं वळण पाहिलं आणि मनाने डोळे रंगवले. नारायण एरवी तिच्या पाठीशी उभा राहून प्रत्येक कामात खोड काढी. या कामाकडे तो फिरकला नाही. मेलेलं लहान मूल त्याला बघवत नसेल, असं तिला वाटलं.

कौशल्या यायची होती त्या दिवशी मात्र विमलने फोटो त्याच्यासमोर धरला. बाई पहिल्यांदा आली तेव्हा तो अचलपूरला होता, दुसऱ्यांदा धारणीला. त्याची तिची गाठ पडली नव्हती. ज्याने मुलाला कधी पाहिलंच नाही, त्याची नजर निखळ असते. कुठे खोटं वाटतंय का, एवढंच तिला हवं होतं.

नारायणने फोटो खिडकीपाशी नेला. विमलने विचारलं, जमलंय ना?

"दोन्ही सारखे उघडलेस," तो म्हणाला.

डोळे सारखेच असतात, असं ती म्हणाली.

"डावा जरा मिटता कर," नारायण फोटोवरची नजर न काढता म्हणाला. "हसला की तो बारीक व्हायचा."