टीव्हीतलं धुकं

“कुणाचा विश्वास बसणार नाही, पण या टीव्हीत धुकं पडतं,” आजोबांनी मेकॅनिकला ठासून सांगितलं. “काल बातम्या देणारी बाई सटासट शिंकत होती!” मेकॅनिक गालातल्या गालात हसला. त्याने वायर बदलली, ब्राइटनेस वाढवला, रंग कमीजास्त केले. चित्र आपलं अंधुक ते अंधुकच. मग त्याने पडद्याच्या कोपऱ्याला नख लावलं, तसं पातळ प्लास्टिक सुटू लागलं. “आजोबा, हे अजून काढलंच नाहीत?” आजोबांनी लगबगीने तो कोपरा तळहाताने दाबून धरला. “खबरदार! शेजाऱ्यांनी काढलं आणि पडद्यातला समुद्र घरभर पसरला. सोफा अजून ओला आहे!” “पुरे करा थापा!” आतून आजी कडाडल्या. “भाऊ, दोन वर्षांपूर्वी लेकाने टीव्ही पाठवला. ‘प्लास्टिक मीच येऊन काढतो,’ म्हणाला होता. ते आपण काढलं, तर तो यायचाच नाही, असं वाटतं यांना!”