एझ्राकाकांचं घर

बायकोकडे असलेली किल्ली परत द्यायची आणि लगेच निघायचं, असं ठरवून त्र्यंबकराव गाडीतून उतरले. इंजिन त्यांनी चालूच ठेवलं. समोरच्या अंगणात चौऱ्याऐंशीच्या निवडणुकीच्या पाट्या वाऱ्याने फडफडत होत्या.

दारात मिसेस डनिंग उभ्या होत्या. एका जुन्या जहाजबांधणाऱ्याचं हे घर म्युझियम म्हणून चालवणाऱ्या मंडळाच्या त्या सेक्रेटरी. त्यांनी किल्ली घेतली, पण बाजूला काही झाल्या नाहीत.

"मिस्टर टिपणीस, आत सात माणसं थांबलीत. पोर्टलंडहून आलीत. गाइड नाही म्हणून त्यांना परत पाठवलं, तर मंडळ पुढच्या महिन्यापासून घर बंद करेल."

"मग तुम्ही सांगा ना."

"मला फक्त तारखा माहीत आहेत. तुमच्या पद्मिनीला तो माणूस माहीत होता. निदान तिची वही तरी द्या."

वही त्यांच्या कोटाच्या खिशात होती. पद्मिनी जाऊन महिना झाला, तरी ती उघडायचा धीर त्यांना झाला नव्हता.

"ती मराठीत आहे," ते म्हणाले.

"म्हणजे वाचणारं इथे एकच माणूस आहे."

नऊ वर्षं दर शनिवारी गाइडच्या कामाला त्यांनी तिला या दाराशी सोडलं होतं आणि बाहेर गाडीत पेपर वाचत बसले होते. एकदाही आत आले नव्हते. "शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या जहाजवाल्याचं काय ऐकायचं?" म्हणायचे. "नका ऐकू. तुमचंच नुकसान," ती म्हणायची.

ते परत गाडीशी गेले आणि इंजिन बंद करून आले.

आत माणसं शेकोटीभोवती उभी होती. त्र्यंबकरावांनी चष्मा चढवला, वही उघडली, आणि समोर जसं दिसेल तसं इंग्रजीत सांगायला लागले.

"अवर अंकल एझ्रा चौदाव्या वर्षी गोदीत कामाला लागले. वडील नव्हते. पायात बूट आईचे होते."

कुणीतरी हसलं. त्यांनी पान उलटलं.

"अंकलनी एकतीस जहाजं बांधली. भिंतीवर बघा." सगळ्यांनी वर पाहिलं. फळीवर लाकडी जहाज बसवलेलं होतं, लांबीत उभं चिरल्यासारखं, एकच बाजू असलेलं. "तुम्ही विचाराल, अर्धंच का? आधी असं अर्धं हाताने कोरायचे. त्याची मापं घेऊन खरं जहाज बांधायचे. दुसरी बाजू हुबेहूब अशीच, म्हणून ती कोरत नसत."

त्यांनी स्वतःही वर पाहिलं. मग बोट ठेवून ओळ शोधली.

"पन्नाशीनंतर अंकल निवडणुकीला उभे राहिले. खाडीच्या तोंडाशी दीपस्तंभ नव्हता. जहाजं फुटायची, आणि बुडालेल्यांच्या बायका या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. बोलत काही नसत. विधानसभेत पहिल्या भाषणाला अंकल उठले, आणि एक शब्द न बोलता खाली बसले. दुसऱ्या दिवशी परत उभे राहिले. सहा वर्षं दर अधिवेशनात तेच एक भाषण केलं. सभागृह कंटाळलं, आणि दीपस्तंभ झाला."

"असा एक तरी यंदा उभा राहायला हवा होता," टोपीवाला म्हातारा बायकोला म्हणाला.

त्र्यंबकरावांनी पुढची ओळ शोधायला बोट समासावरून खाली नेलं. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: *पावणेचारला संपवायचं. हे बाहेर थंडीत बसलेत.*

त्याच्या खाली: *आज आत या म्हणून परत विचारून बघू.*

माणसं थांबली. शेकोटीत लाकूड तडतडलं. मिसेस डनिंग एक पाऊल पुढे आल्या.

"इथे जरा थांबायचं, असं लिहिलंय," ते म्हणाले.

सगळे थांबले. त्यांनी चष्मा पुसला. मग उरलेलं अर्धं पान सावकाश, एकही शब्द न गाळता सांगितलं. एझ्राकाका कसे आजारी पडले, पलंग खिडकीपाशी कसा हलवायला लावला, रात्री दीपस्तंभाचा दिवा लागला की कसे झोपायचे.

संपलं तेव्हा चार वाजून गेले होते.

माणसं कोट घालू लागली. टोपीवाला म्हातारा मागे रेंगाळला. "मघापासून तुम्ही अंकल, अंकल म्हणताय. रागावू नका, पण तुम्ही दिसता तर लांबच्या देशातले. त्यांच्या नात्यातले का?"

त्र्यंबकरावांनी वही मिटून खिशात ठेवली. मिसेस डनिंगनी किल्ली टेबलावर ठेवली होती. तीही त्यांनी उचलली.

"हो," ते म्हणाले. "माझ्या बायकोच्या माहेरचे."