नरकासुराची जर्सी

एबोची जर्सी नरकासुराच्या पुतळ्याच्या छातीवर बसेना, तेव्हा रुद्रेशने ती पाठीकडून कापली. मानेपासून खालपर्यंत, सरळ. मग ती पुढून चढवली आणि मागे सुतळीने आवळली. आता ती चांगली ताणून बसली. छातीवरचा काळा तारा रस्त्यावरूनही दिसत होता.

गोव्यात डिचोलीतल्या त्यांच्या वाड्याचा, म्हणजे वस्तीचा, नरकासुर दरवर्षी दिवाळीला बास्केटबॉलच्या कोर्टावरच उभा राहायचा. रिंगच्या खांबाला बांधला की वाऱ्याने पडत नाही. रात्री नरकासुर-स्पर्धेचे परीक्षक यायचे होते, पहाटे त्याला जाळायचं होतं. यंदा त्याला एबोचा चेहरा होता. घानाहून आलेला एबो मेन्सा वाड्याच्या बास्केटबॉल क्लबचा खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. त्याच्यामुळेच क्लब पहिल्यांदा राज्याच्या अंतिम सामन्यात पोचला होता. सामना पाडव्याला म्हापशात होता.

चेहरा रुद्रेशने केला होता. तो संघाचा कप्तान, कारखान्यात ड्राफ्ट्समन. एबोच्या फोटोवर चौकटी आखून त्याने एकेक चौकट पुठ्ठ्यावर मोठी केली होती. नाक बरोबर आलं होतं, भुवईवरची खूणही. दात तेवढे बाहेर काढले होते. ते लागतातच. वर काळ्या ऑइलपेंटचे दोन हात.

"हुबेहूब रे!" क्लबचा अध्यक्ष सगुण खालून ओरडला. "एबोबाब खूश जातलो बघ!"

रुद्रेशलाही तसंच वाटत होतं.

एबो सरावाला आला तो संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर. फाटकातच थांबला. खांद्यावरची बॅग त्याने हळूच खाली ठेवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर केले. एबो नरकासुराकडे बघत राहिला. मग रुद्रेशकडे वळला.

"हा कोण?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"तू! आमच्या वाड्यातला सगळ्यात मोठा माणूस."

"सकाळी याचं काय करता?"

टाळ्या थांबल्या.

"मागच्या दिवाळीला मी इथेच होतो," एबो म्हणाला. "खिडकीतून बघितलं होतं. डोकं स्कूटरला बांधून बाजारातून फिरवलं होतं तुम्ही."

"अरे, तो रिवाज, बाबा," सगुण पुढे झाला. "वायट मानू नको. नरकासुर म्हणजे आमचा हिरो! कृष्णाला बघायला रात्रभर कोण जागतं सांग? सगळे जागतात ते यालाच बघायला."

"माझी जर्सी काढ," एबो रुद्रेशला म्हणाला.

रुद्रेश शिडीवर चढला. ही जर्सी एबोने महिन्याभरापूर्वी क्लबच्या काचेच्या कपाटात लावायला दिली होती. रुद्रेशने आधीच ठरवलं होतं, जाळण्याआधी काढायची, बहिणीकडून मशीनवर शिवून घ्यायची, पुन्हा कपाटात लावायची. शिवण दिसलीही नसती. हे सगळं त्याला आता सांगायचं होतं, पण सुतळीची गाठ सुटेना आणि खालून एबो बघत होता. शेवटी त्याने कटरने सुतळी कापली.

एबोने जर्सी हातात घेऊन उलटी केली. पाठीवरचं नाव मधोमध फाटलं होतं. त्याने दोन्ही कडा एकमेकींना लावून बघितल्या.

"देशासाठी मी एकदाच खेळलो," तो म्हणाला. "शेवटची काही मिनिटं. ती ही जर्सी."

"नवी करून देऊया की!" सगुण म्हणाला. "म्हापशात छापून मिळते. अशीच, तारा-बिरा घालून. दोन दिवसांत."

"घानाची? म्हापशात?"

एका पोराला हसू फुटलं. एबोने त्याच्याकडे बघताच ते विझलं.

"चार देशांत खेळलो मी," एबो म्हणाला. आवाज चढला नव्हता. सरावात पाय चुकले की तो असाच बोलायचा. "लोक गॅलरीतून ओरडायचे. माकडाचे आवाज काढायचे. सामना संपला की घरी जायचे. तुम्ही मात्र केवढी मेहनत घेतलीत."

रुद्रेश शिडीवरच उभा होता. ऑइलपेंटचा वास त्याच्या हाताला होता.

"एबो, मी मुद्दाम नाही रे..."

"माहीत आहे. मुद्दाम करणाऱ्यांशी मला वागता येतं."

सगुणने घसा साफ केला. "पाडव्याला येतलो मरे? तुझ्याशिवाय आमचं काही खरं नाही, एबोबाब."

एबोने जर्सीची घडी करून ती बॅगेत ठेवली, चेंडू काढला आणि फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन उभा राहिला. दोनदा चेंडू आपटला.

"मध्ये नरकासुर आसा रे!" सगुण ओरडला.

"दिसतोय."

चेंडू नाकावर बसला. आतून पुठ्ठा फाटल्याचा आवाज आला. सगुणने कपाळाला हात लावला, "अरे, परीक्षक यायचेत!" म्हणाला, पण पुढे झाला नाही. चेंडू उड्या मारत शिडीपाशी आला. एबोने तिकडे हात पुढे केला. कोणालाही हाक मारली नाही.

रुद्रेश खाली उतरला. वर बघितलं. नाक लोंबत होतं आणि त्याच्या मागे वर्तमानपत्रं, बांबूच्या कामट्या दिसत होत्या. सगळी पोरं आता रुद्रेशकडे बघत होती. त्याने चेंडू उचलून एबोला दिला.

दुसऱ्या फेकीला भुवई गेली. खूण होती तीच. चेंडू पुन्हा रुद्रेशकडे आला, त्याने पुन्हा दिला.

"हळू येतोय," एबो म्हणाला. "जोरात दे."