पहिला नंबर

१९९८ साली भोरच्या मुबारकभाईंच्या गॅरेजात तालुक्याची पहिली रेसिंग टीम निघाली. मेकॅनिक स्वतः मुबारकभाई, चालवणारा उत्रोलीचा धनाजी, आणि एक जुनी मोटरसायकल. पुण्यातल्या मातीच्या शर्यतीत ती पहिल्याच फटक्यात पहिली आली.

उत्रोलीकरांना शर्यत ठाऊक ती बैलगाड्यांची. जिंकलेल्या बैलांसारखीच त्यांनी मोटरसायकल ओवाळली, हँडलला हार घातला आणि ती चालू ठेवूनच वेशीपासून देवळापर्यंत तिच्यावर पोतंभर गुलाल उधळला.

पुढच्या शर्यतीत गाडी निम्म्यातच बसली. त्याच्या पुढच्या शर्यतीला तर सुरूच झाली नाही. मुबारकभाईंनी इंजिन खोललं, तर आत पिस्टनपर्यंत सगळं गुलाबी!

महिनाभर खपून त्यांनी गाडी पुन्हा शर्यतीला उभी केली. तेवढ्यात मैदानाबाहेर टेम्पो थांबला. ढोल बडवत अख्खं उत्रोली खाली उतरलं, या वेळी दोन पोती घेऊन.

मुबारकभाई धावत धनाजीच्या कानाशी गेले.



"धनाजी, गाडी जगवायची आसंल तर दुसरा ये रं बाबा. पैला नगं!"