सातव्या खुर्चीतला अडाणी

फोन तिसऱ्यांदा वाजला, आणि लेओविहिल्दोने तो तिसऱ्यांदा कापला. कॉल आला की पडद्यावरचे पत्त्यांचे टेबल गोठते, आणि बारा सेकंदांत निर्णय दिला नाही तर डाव तुमच्यावाचून पुढे जातो. हे योकास्ताला ठाऊक असायला हवे होते. त्याच्या साठाव्या वाढदिवसाला हे ऑनलाइन जुगाराचे खाते त्याच्या या लेकीनेच उघडून दिले होते. शेवटी त्याने येणारे सगळे कॉल बंद करून टाकले.

दुपारचे तीन वाजून गेले होते. सलूनच्या आरशाला फोन टेकून उभा होता. समोरच्या खुर्चीत ट्रकवाला एव्हारिस्तो अर्ध्या गालावर वाळलेला फेस घेऊन बसला होता.

“लेओ, एका गालाने मी नवरदेव दिसतोय आणि दुसऱ्याने त्याचा आजा. उरलेलं कधी करणार?”

लेओविहिल्दोने वस्तरा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

बानी गावात आशीर्वाद मागितल्यावाचून कोणी बाजारालाही जात नाही. निघणाऱ्याने ‘आशीर्वाद’ म्हणावे, वडीलधाऱ्याने ‘देव तुझं भलं करो’ म्हणावे, आणि मगच पाऊल उंबऱ्याबाहेर पडावे. योकास्ता आज माद्रिदला निघाली होती, परक्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला, निदान पाच वर्षांसाठी. सकाळी ती बॅग घेऊन या दारात उभी राहिली, तेव्हा बापाचा डाव ऐन रंगात होता. मान न वळवता त्याने बोट वर केले. विमानतळावरून फोन कर, तेव्हा नीट देतो, म्हणाला. बाहेर बसवाला हॉर्न वाजवत होता. ती गेली. विमान चारला होते. अजून वेळ आहे, असे तो आता एव्हारिस्तोला दर डावानंतर सांगत होता.

पडद्यावर अंबर पत्ते वाटत होती. कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या, खिडकी नसलेल्या खोलीतली ही मुलगी रोज त्याला नावाने हाक मारी, आणि तेवढ्यावर हा विधुर न्हावी खुलून जाई. आज मात्र सातव्या खुर्चीवर एक नवखा येऊन बसला होता. नाव काय, तर ‘बी-४’. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची पण ओलांडायची नाही, एवढा साधा खेळ; पण त्याला काडीचे कळत नव्हते. वीस झालेले असताना पत्ता मागे, अकरावर गप्प बसे. आणि सातव्या, म्हणजे शेवटच्या खुर्चीने नको तेव्हा पत्ता उचलला, की अंबरला एकवीसपलीकडे नेऊन बुडवणारा पत्ता वाया जातो आणि सारे टेबल हरते, ही लेओविहिल्दोची अढळ श्रद्धा होती.

तिसऱ्या डावाला त्याने टेबलाच्या गप्पांच्या चौकटीत लिहिले: गाढवा, ऊस तोडायला जा. सहाव्याला लिहिले: तुला कोणी बसायला सांगितलं इथं? बी-४ ने उत्तर दिले नाही. देताच येत नव्हते. नवख्याला दहा डाव खेळल्याशिवाय तिथे एक अक्षर लिहिण्याची मुभा नसे. कंपनीचा हा एक नियम तेवढा शहाणपणाचा, असे लेओविहिल्दो म्हणाला. आठव्या डावाला त्याने त्या अनोळख्याच्या आईचा उद्धार केला, इतक्या गलिच्छ शब्दांत, की कंपनीने त्याचेच लिहिणे चोवीस तासांसाठी बंद करून टाकले.

“बरं झालं,” एव्हारिस्तो म्हणाला. “आता तरी हात मोकळा झाला. फोन कर पोरीला.”

“दोन डाव. तो अडाणी उठतोय की नाही, बघतो.”

अडाणी उठला नाही. नववा डाव हरला, दहावा हरला. मग अंबरने खालची चौकट पाहिली, तिचे ठरलेले हसू किंचित अडखळले, आणि तिने सातव्या खुर्चीचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला.

“बाबा, मी योकास्ता. बी-४ गेटवर आहे. तुम्ही फोन घेत नाही, म्हणून इथं येऊन बसले. आता फोन बंद करायला सांगताहेत. आशीर्वाद.”

लेओविहिल्दोने चौकटीवर बोट दाबले. ती उघडली नाही. त्याने पुन्हा दाबले. पडद्यावर बारा सेकंद उलटे धावू लागले, आणि त्याच्या बोटाखाली दोनच बटणे जिवंत होती: पत्ता घ्या, पत्ता नको.

“देव तुझं भलं करो, पोरी,” तो आरशासमोर म्हणाला. मग ओरडून म्हणाला. एव्हारिस्तोने खुर्चीतल्या खुर्चीत छातीवर क्रूसाची खूण केली.

टेबलाचा आवाज सलूनमध्ये येत होता. सलूनचा आवाज टेबलापर्यंत कधीच पोहोचत नव्हता. अंबर गोड हसली. “लेओविहिल्दो, तुमची वेळ संपली,” ती म्हणाली, आणि सातव्या खुर्चीवरचे नाव विझले.