फणसाचं मटण

परंदवडीच्या माळकरी घरात नवीन आलेल्या अश्विनीने नवऱ्याची, पप्पूची, मटणाची हौस घरीच भागवायची ठरवलं. कच्चा फणस तळून तिने कांदा-खोबऱ्याच्या वाटणात झणझणीत रस्सा केला. पप्पू मिटक्या मारत जेवून उठला. मग तिने भीत भीत सासूला वाढलं. पहिल्याच घासाला शालूबाई थांबल्या.

"चव जमली न्हाई का, आत्या?"

"जमली. माझी आई अस्संच करायची, पण खऱ्या मटणाचं."

"म्हंजी तुमी खायचा?"

"लगीन व्हईपर्यंत. हितं आले आन् दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी गळ्यात माळ घातली."

"तुमाला सोडायचं होतं का पण?"

शालूबाईंनी ताट पुढं सरकवलं.

"हे इचारणारी तूच पैली. वाढ अजून."