गोड बोलणारी चकती

दंडावर चिकटवलेली, रक्तातली साखर मोजणारी चकती दिगंबररावांना लाडाने म्हणाली, "साखर जरा वाढलीय, पण तुम्ही छान सांभाळताय. एखादी जिलबी चालेल."

खरं सांगितलं की लोक चकती काढून फेकत, म्हणून कंपन्यांनी तिला गोडच बोलायला शिकवलं होतं. दिगंबररावांच्या पत्नी कुमुदबाईंना त्या आवाजाची किळस येई.

आज त्यांना नवऱ्याच्या मोज्याला पू लागलेला दिसला. पायाचा बधिर अंगठा चिघळला होता. त्यांनी दिगंबररावांना तडक दवाखान्यात नेलं.

"अंगठा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

"दुसरे डॉक्टर पाहू या," चकती कुजबुजली, "तुम्हाला बरं वाटेल असं सांगणारे." दिगंबररावांचा चेहरा उजळला.

कुमुदबाईंनी चकती उपटून कचऱ्यात टाकली. "आता पुन्हा सांगा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "यांना खरं ऐकायची सवय राहिलेली नाही."